देवाच्या राज्याची सुवार्ता सांगणाऱ्या येशूला वधस्तंभ का मिळाला?

प्रश्न (धागाकर्ता)

नव्या करारातील मार्ककृत शुभवर्तमान मी नुकतेच प्रथमच सलग वाचून काढले. सोळा अध्यायांचे हे पुस्तक चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे आणि बहुसंख्य अभ्यासकांच्या मते सर्वांत जुनेही, ते इ.स. ७० च्या आसपास लिहिले गेले असावे, असे मानतात. ख्रिस्ती घरात न वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाच्या मनात येशूची जी प्रतिमा असते, ती शत्रूवर प्रेम करायला सांगणाऱ्या आणि एका गालावर मारल्यास दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या उपदेशकाची असते. त्या प्रतिमेसह मार्क वाचायला बसलो आणि गोंधळून गेलो.

पुस्तकाच्या पूर्वार्धात येशू गालीलमध्ये फिरतो, आजाऱ्यांना बरे करतो, दाखले देतो आणि ‘देवाचे राज्य जवळ आले आहे’ असे सांगतो. स्वतःविषयी तो फार कमी बोलतो; उलट, बरे झालेल्यांना ‘हे कोणाला सांगू नका’ अशी ताकीद देतो. उत्तरार्धात तो यरुशलेमेला जातो आणि आठवडाभरात त्याला वधस्तंभावर खिळले जाते. दोन वेगळी पुस्तके शिवून एक केली आहेत की काय, असे वाटावे इतका हा बदल मला तुटक वाटला.

माझी अडचण अशी आहे की हे राज्य म्हणजे नेमके काय, तेच कळत नाही. मृत्यूनंतरचा स्वर्ग म्हणावा, तर त्यासाठी कोणी कोणाला ठार मारणार नाही. मनाची एखादी अवस्था म्हणावी, तर तिच्यामुळे सत्ताधाऱ्यांचे काय बिघडते? आणि शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी एका माणसाचा वाळलेला हात बरा केला किंवा जकातदारांच्या पंक्तीला बसला, एवढ्यावरून इतकी क्रूर शिक्षा झाली असेल, हे पटत नाही. तिसऱ्या अध्यायातच परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) आणि हेरोदी (हेरोद राजघराण्याचे समर्थक) मिळून त्याच्या घाताची मसलत करतात असे लिहिले आहे. परंतु खटल्याच्या वेळी हे दोघेही कोठे दिसत नाहीत. जाणकारांनी खुलासा करावा. श्रद्धेची बाजूही समजून घ्यायची आहे, फक्त इतिहास कोठे संपतो आणि श्रद्धा कोठे सुरू होते, हे उत्तर देताना स्पष्ट करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

शब्बाथाच्या वादामुळे येशूला मृत्युदंड झाला, हा समज आपण बाजूला ठेवता आहात ते योग्यच आहे. मोशेच्या नियमशास्त्रात देवनिंदेला दगडमाराची शिक्षा सांगितली आहे. वधस्तंभ ही रोमी शिक्षा होती, आणि रोमी अधिकारी ती प्रामुख्याने गुलाम, लुटारू आणि बंडखोर यांना देत असत. इ.स. ११६ च्या सुमारास लिहिणारा रोमी इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोकांविषयी तिळमात्र आस्था नव्हती, तोही तिबेर्य कैसराच्या, म्हणजे रोमी सम्राटाच्या कारकिर्दीत पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला एवढे स्वच्छ नोंदवतो. पिलात इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा शासक होता. त्यामुळे येशूचा मृत्यू या दहा वर्षांतच झाला हे निश्चित आहे. अभ्यासकांचा कल इ.स. ३० किंवा ३३ या वर्षांकडे आहे. जन्म रोमचा मांडलिक राजा थोरला हेरोद याच्या हयातीत झाला असे मत्तय आणि लूक दोघेही सांगतात, आणि तो हेरोद इ.स.पूर्व ४ मध्ये वारला. येशूचा जन्म इसवी सनापूर्वी झाला हे वाक्य कानाला विचित्र लागते खरे, पण तो दोष सहाव्या शतकात सनाचे गणित मांडणाऱ्या भिक्षूचा आहे.

आता राज्याकडे वळू. ‘देवाचे राज्य’ हे शब्द आज आपल्याला सौम्य वाटतात, कारण आपण ते प्रार्थनास्थळात ऐकतो. गालीलच्या शेतकऱ्याने आणि कोळ्याने ते कोणत्या वातावरणात ऐकले, हे पाहिले पाहिजे. थोरला हेरोद मरताच इ.स.पूर्व ४ मध्ये देशभर बंडे उसळली. ती मोडायला सीरियाहून आलेल्या वारूस या रोमी सेनापतीने सुमारे २००० लोकांना वधस्तंभावर चढवले, असे यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो. इ.स. ६ मध्ये यहूदिया थेट रोमी अंमलाखाली आला आणि करासाठी नोंदणी सुरू झाली, तेव्हा यहूदा गालीलकर नावाचा पुढारी उठला. देवाखेरीज कोणीही आपला धनी नाही आणि कैसराला कर देणे म्हणजे गुलामी पत्करणे आहे, असे तो सांगत असे. येशू लहान असतानाचा हा प्रसंग त्याच्या भागातील प्रत्येक घराला ठाऊक असणार. अशा लोकांपुढे उभे राहून देवाचे राज्य आता जवळ आले आहे असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात ‘मग सध्या राज्य करणाऱ्यांचे काय?’ हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही.

आपल्याला जाणवलेल्या तुटकपणाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायातील चौदावे वचन पुन्हा वाचावे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला अटक झाल्यानंतर येशू गालीलात आला आणि उपदेश करू लागला, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे या सुवार्तेची सुरुवातच एका अटकेच्या बातमीने होते. योहानाचा शिरच्छेद गालीलचा मांडलिक शासक हेरोद अंतिपा याने केला. भावाच्या बायकोशी केलेल्या लग्नावर योहानाने ठेवलेला ठपका, हे कारण शुभवर्तमाने देतात. योसेफस मात्र म्हणतो की योहानाच्या शब्दाखातर लोक काहीही करतील असे अंतिपाला वाटू लागले आणि बंड होण्याआधीच त्याने योहानाला संपवले. ही दोन्ही कारणे एकत्र नांदू शकतात. मुद्दा असा की योहानाने कधी शस्त्र उचलले नव्हते. त्याच्याभोवती जमणारी गर्दी एवढाच त्याचा अपराध होता. येशूने त्याच योहानाकडून बाप्तिस्मा घेतला होता. त्यामुळे आपल्या वाटेवर काय वाढून ठेवले आहे, हे त्याला यरुशलेमेत पोचल्यावर कळले असे मानण्याचे कारण नाही.

राज्याचे स्वरूप समजून घेण्यासाठी त्याने शिकवलेली प्रार्थना हा उत्तम धागा आहे. ‘तुझे राज्य येवो’ या मागणीनंतर मत्तयाच्या पाठात लगेच, स्वर्गात जशी तशी पृथ्वीवरही देवाची इच्छा पूर्ण होवो, असे म्हटले आहे. माणसाने येथून उठून कोठेतरी जाण्याची ही मागणी नाही. तेथील कारभार येथे लागू व्हावा, अशी मागणी आहे. त्यापुढच्या दोन मागण्याही अगदी खालच्या जमिनीवरच्या आहेत: रोजची भाकर आणि ऋणांची माफी. हातावर पोट असलेल्या माणसाला छळणाऱ्या याच तर दोन गोष्टी.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला याच संदर्भात जरा थांबून वाचण्यासारखा आहे. मळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन एक दीनार रोजावर मजूर लावतो. नंतर दिवसभरात आणखी चार वेळा जातो आणि रिकामे उभे असलेल्यांना कामावर घेतो. शेवटच्यांना घेतले तेव्हा दिवस मावळायला जेमतेम तास उरला होता. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दीनार मिळतो. आता त्यातील खोच पाहा. मालक कारभाऱ्याला शेवटच्यांपासून वाटप सुरू करायला सांगतो. पहाटे आलेल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते, तर कोणाचीच कुरकुर झाली नसती. परंतु तसे न करता, दिवसभर उन्हात राबलेल्यांच्या डोळ्यांदेखत तासाभराच्या मजुराच्या हातावर पूर्ण रोज ठेवला जातो. ‘मी उदार आहे हे तुला खुपते काय?’ असा मालकाचा प्रश्न आहे. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी; त्याहून कमी घेऊन घरी गेलेल्याच्या घरात उपाशी झोपावे लागणार. देवाचे राज्य असे आहे, असे येशू म्हणतो. योग्यतेनुसार मोजून देणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेला, मग ती देवळाची असो वा दरबाराची, यात धक्का आहे.

हे राज्य पुढे येणार की आताच आले आहे, या वादात येशूची वचने दोन्ही बाजूंना सापडतात. देवाच्या सामर्थ्याने मी भुते काढतो आहे, म्हणजे राज्य तुमच्यापर्यंत येऊन पोचलेच आहे, असेही तो म्हणतो. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी, देवाच्या राज्यात नवा द्राक्षारस पिईन त्या दिवसापर्यंत आता पुन्हा पिणार नाही, असेही म्हणतो. माझ्या मते ही विसंगती सोडवण्याच्या भरीस पडू नये. चौथ्या अध्यायातील, फक्त मार्कमध्येच आढळणाऱ्या दाखल्यात शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो आणि बी कसे वाढते हे त्याला कळतही नाही. पेरणी झालेली आहे, कापणी व्हायची आहे. आणि तलवारीने ती लवकर उरकता येत नाही, हा यहूदा गालीलकराच्या मार्गाहून असलेला मूलभूत फरकही त्यातच आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. परूश्यांविषयी दोन गोष्टी जोडतो.

शब्बाथाच्या दिवशी काय करावे आणि काय करू नये, हा त्या काळच्या यहुदी समाजात सतत चालणारा अंतर्गत वाद होता आणि येशू त्या वादात एक यहुदी म्हणून भाग घेत होता. जीव वाचवण्यासाठी शब्बाथाचा नियम बाजूला ठेवता येतो, हे तत्त्व पुढील यहुदी परंपरेनेही मान्य केले आहे. असे वाद कडवट होत, परंतु त्यासाठी कोणी कोणाला रोमी शासकाच्या स्वाधीन करत नसे. आपण नेमके टिपले आहे: मार्कमध्ये बाराव्या अध्यायात कराच्या प्रश्नाच्या वेळी परूशी शेवटचे दिसतात, अटक करवणारे आहेत ते मुख्य याजक, शास्त्री आणि वडील. लूकच्या तेराव्या अध्यायात तर काही परूशीच येशूला सावध करतात की हेरोद (अंतिपा) तुला मारायला टपला आहे, येथून निघून जा. त्यावर येशू हेरोदाला ‘कोल्हा’ म्हणतो, हे प्रसिद्धच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. ‘यहुद्यांनी येशूला मारले’ या वाक्याने पुढच्या शतकांत यहुद्यांच्या अनेक पिढ्यांचे अतोनात नुकसान केले. येशू, त्याची आई, त्याचे बारा शिष्य, त्याच्यासाठी रडणाऱ्या यरुशलेमेच्या स्त्रिया हे सर्व यहुदी होते. कॅथलिक चर्चने १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत स्पष्टपणे जाहीर केले की या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर सरसकट किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येणार नाही. याजकवर्गातील एक लहान गट आणि रोमी शासक, एवढ्यापुरतीच ऐतिहासिक जबाबदारी मर्यादित आहे, हे या चर्चेत प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद ३

गालीलमध्ये जे चालून गेले ते यरुशलेमेत का चालले नाही, याचे उत्तर स्थळ आणि वेळ या दोहोंत आहे.

वल्हांडण हा मिसरच्या गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा सण. परक्या राजाच्या जोखडातून देवाने आपल्या लोकांना सोडवले, याचे स्मरण करायला दूरदूरचे यात्रेकरू परक्या राजाच्या अंमलाखालील शहरात जमत. यातील स्फोटकता रोमी शासकांना चांगली ठाऊक होती. पिलात एरवी समुद्रकाठच्या कैसरिया येथे राहत असे, परंतु सणाच्या दिवसांत सैन्य घेऊन यरुशलेमेत येऊन राहत असे, आणि मंदिराला लागून असलेल्या अंतोनिया बुरुजावरून सैनिक प्रांगणावर नजर ठेवत. इ.स.पूर्व ४ च्या वल्हांडणात थोरल्या हेरोदाचा मुलगा अर्खेलाव याच्या सैन्याने सुमारे ३००० लोक कापून काढले, असे योसेफस लिहितो. प्रमुख याजकाची स्थितीही ओळखून घ्यावी. त्याची नेमणूक रोमी शासक करत असे. एवढेच नव्हे, तर सणाला परिधान करायची त्याची पवित्र वस्त्रे रोमी लोकांच्या ताब्यात कुलूपबंद असत आणि सणापुरती बाहेर काढून दिली जात. कयफा इ.स. १८ च्या सुमारापासून ३६ पर्यंत, म्हणजे पिलाताच्या संपूर्ण कारकिर्दीत, या पदावर टिकून राहिला. शहर शांत ठेवणे आणि त्या बदल्यात मंदिर चालू ठेवणे, हा त्याचा व्यवहार होता. योहानाच्या शुभवर्तमानात, सर्व राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे बरे, असे तो म्हणतो. दुष्टपणापेक्षा मला त्यात थकलेल्या कारभाऱ्याचा हिशेब दिसतो, आणि कदाचित म्हणूनच ते वाक्य जास्त भयंकर आहे.

अशा आठवड्यात येशू गाढवावर बसून शहरात येतो. जखऱ्या संदेष्ट्याने लीन राजाचे असेच वर्णन केले होते, आणि गर्दीला ते कळत होते. मग तो मंदिराच्या प्रांगणात जाऊन सराफांचे चौरंग आणि कबुतरे विकणाऱ्यांच्या बैठकी उलथून टाकतो. मंदिराचा कर सोर शहराच्या चांदीच्या नाण्यांत भरावा लागत असल्याने सराफ आवश्यक होते, आणि गरिबाला परवडणारे अर्पण म्हणून कबुतरेही आवश्यक होती. त्यामुळे बाजारातील लबाडीविरुद्धचा त्रागा एवढाच या कृतीचा अर्थ लावणे मला अपुरे वाटते. तो जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याचे ‘लुटारूंची गुहा’ हे शब्द वापरतो. यिर्मयाने ते उच्चारले, तेव्हा त्याच भाषणात मंदिर उद्ध्वस्त होईल असे बजावले होते. येशूनेही पुढे, येथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही, असेच सांगितले.

याला जवळचे एक उदाहरण योसेफसने नोंदवले आहे आणि ते फार बोलके आहे. इ.स. ६२ मध्ये, अनन्याचा पुत्र येशू या नावाचा एक सामान्य शेतकरी मंडपाच्या सणाला आला आणि यरुशलेम व मंदिर यांच्या नाशाचा आक्रोश करत गल्लोगल्ली फिरू लागला. शहरातील पुढाऱ्यांनी त्याला पकडून मारले आणि शेवटी रोमी शासकापुढे उभे केले. त्या शासकाने हाडे दिसेपर्यंत फटके मारवले आणि वेडा ठरवून सोडून दिले. मंदिराविरुद्ध बोलणे, पुढाऱ्यांनी पकडणे, रोमी शासकाच्या हवाली करणे, हा सगळा क्रम तोच आहे. मग एकाची सुटका आणि दुसऱ्याला वधस्तंभ का? त्या शेतकऱ्याच्या मागे कोणी नव्हते, आणि त्याने कोणत्या राज्याची घोषणा केली नव्हती. नासरेथच्या येशूच्या मागे गर्दी होती, आणि त्या गर्दीच्या तोंडी ‘राजा’ हा शब्द आलेला होता.

म्हणूनच पिलातापुढे गेल्यावर शब्बाथाचा उल्लेखही होत नाही. लूकने दिलेले आरोप पाहावेत: हा राष्ट्राला बहकवतो, कैसराला कर देण्याची मनाई करतो आणि स्वतःला राजा म्हणवतो. यातील दुसरा आरोप तर उघड खोटा आहे, कारण कराच्या प्रश्नावर त्याने ‘कैसराचे ते कैसराला आणि देवाचे ते देवाला द्या’ असे उत्तर दिले होते. (त्या उत्तरानेही कैसराच्या वाट्याला कैसराची प्रतिमा असलेले नाणे सोडून आणखी काय उरते, हा प्रश्न शिल्लक राहतोच.) वधस्तंभावरील फलकावर ‘यहुद्यांचा राजा’ असे लिहिले होते, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. हा फलक ख्रिस्ती लोकांनी मागाहून रचला असता, तर त्यांनी स्वतः वापरत नसलेली पदवी त्यावर घातली नसती. त्यांच्या तोंडी ‘प्रभू’ आणि ‘ख्रिस्त’ हे शब्द होते. तो शिक्षेचे कारण जाहीर करणारा रोमी फलक आहे, आणि या संपूर्ण प्रकरणातील माझ्या मते तो सर्वांत भक्कम ऐतिहासिक पुरावा आहे.

प्रतिसाद ४

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, तथापि येशूला पूर्णतः अहिंसक ठरवण्याची घाई होते आहे असे वाटते. लूकच्या बाविसाव्या अध्यायात, ज्याच्याजवळ तलवार नसेल त्याने अंगरखा विकून ती घ्यावी, असे तो शिष्यांना सांगतो. अटकेच्या वेळी एका शिष्याने प्रमुख याजकाच्या दासाचा कान तोडला. म्हणजे शस्त्रे जवळ होती. त्याच्याबरोबर वधस्तंभावर दिलेल्या दोघांना मार्क लुटारू म्हणतो, आणि येशूऐवजी सोडून दिलेला कैदी बरब्बा तर दंग्याशी संबंधित होता. हेरोद अंतिपा आणि पिलात यांना त्याच्यात बंडखोर दिसला असेल, तर तो त्यांचा निव्वळ गैरसमज होता असे कशावरून?

प्रतिसाद ३ लिहिणाऱ्याचा उपप्रतिसाद

आपला आक्षेप रास्त आहे, आणि असे मत मांडणारे अभ्यासकही आहेत. परंतु त्याच अध्यायात पुढे वाचल्यास शिष्य म्हणतात, येथे दोन तलवारी आहेत, आणि येशू म्हणतो, पुरे. दोन तलवारींनी रोमी पलटणीशी कोणी लढत नाही. कान तोडल्यावर तो त्या शिष्याला थांबवतो आणि लूकच्या म्हणण्यानुसार दासाचा कान बराही करतो.

माझ्या दृष्टीने निर्णायक गोष्ट वेगळीच आहे. पिलाताने शिष्यांना हातही लावला नाही. रोमी शासकांची रीत पाहिली, तर सशस्त्र टोळीच्या म्होरक्याला धरल्यावर ते टोळीला मोकळे सोडत नसत. इ.स. ४४ ते ४६ च्या दरम्यान थुदास नावाच्या पुढाऱ्याने यार्देन नदी दुभंगून दाखवण्याचे वचन देऊन लोक जमवले, तेव्हा शासकाने घोडदळ पाठवून त्याच्या अनुयायांपैकी पुष्कळांना ठार केले, पुष्कळांना पकडले आणि त्याचे शिर कापून यरुशलेमेला आणले. येशूच्या बाबतीत मात्र पेत्र, याकोब आणि योहान थोड्याच काळात त्याच शहरात उघडपणे उपदेश करताना दिसतात. याचा सरळ अर्थ असा की हा माणूस सैन्य उभे करतो आहे असे पिलातालाही वाटत नव्हते. गर्दी भडकू शकते आणि त्या गर्दीच्या केंद्रस्थानी हा आहे, एवढे कारण त्याला पुरले. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बाबतीत हेरोद अंतिपाला पुरले होते, तसेच.

धागाकर्ता

सर्वांचे आभार. योहानाच्या अटकेचे ते वचन मी वाचले होते, पण त्यावरून नजर नुसती सरकून गेली होती. शिष्यांना मोकळे सोडल्याचा मुद्दाही विचार करायला लावणारा आहे. आता दोन्ही भाग जुळताना दिसतात. तरीही एक प्रश्न उरतो. हे सारे मान्य केले, तर येशूचा मृत्यू हा राज्यकर्त्यांच्या भीतीचा परिणाम ठरतो. ख्रिस्ती श्रद्धा मात्र त्याने आपला प्राण स्वतःहून दिला असे म्हणते. या दोन गोष्टी एकत्र कशा राहतात?

प्रतिसाद ५

मी श्रद्धावान आहे आणि त्या भूमिकेतूनच लिहीत आहे, हे आधीच सांगते.

वरील ऐतिहासिक मांडणीतील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, आणि त्या मान्य केल्याने श्रद्धेला बाध येत नाही. प्रभू येशूला कोणी मारले, याचे उत्तर इतिहासाने द्यावे. परंतु तो तेथून निघून का गेला नाही, हा वेगळा प्रश्न आहे. गेथशेमाने बागेतील प्रसंग पाहा. ती बाग जैतुनांच्या डोंगरावर, शहराच्या पूर्वेला आहे. पलीकडे यहूदियाचे रान सुरू होते. रात्रीची वेळ होती आणि बरोबरचे शिष्य झोपलेले होते. शोध घेणारे मशाली घेऊन येईपर्यंत डोंगर ओलांडून अंधारात नाहीसे होणे कोणालाही शक्य होते. तो तेथेच थांबतो. आणि तो निर्विकारपणे थांबत नाही. ‘हा प्याला माझ्यापासून दूर कर’ अशी विनवणी करतो, अतिशय व्याकूळ होतो, आणि मग, माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असे म्हणतो. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतील मागणीच येथे त्याच्या स्वतःच्या तोंडी आली आहे.

त्याच रात्री, थोडे आधी, त्याने भाकर मोडून हे माझे शरीर आहे असे म्हटले. ही गोष्ट शुभवर्तमानांच्याही आधी, इ.स. ५० नंतरच्या दशकात, प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रातून कळवली आहे आणि आपल्याला ती प्रभूकडून मिळाली आणि तीच आपण पुढे सोपवली, अशा भाषेत कळवली आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायात याकोब आणि योहान राज्यातील उजव्या-डाव्या जागा मागतात, तेव्हाचे त्याचे उत्तरही याच्या शेजारी ठेवून वाचावे. परराष्ट्रीयांचे अधिपती लोकांवर सत्ता गाजवतात, तुमच्यात तसे नसावे; मनुष्याचा पुत्र (येशू स्वतःला असे म्हणतो) सेवा करून घ्यायला नव्हे, तर सेवा करायला आणि पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला प्राण खंडणी म्हणून द्यायला आला आहे. येथे राज्य आणि मृत्यू एकाच वाक्यात बसले आहेत. जे राज्य सत्ता गाजवून येणार नाही, ते आणणाऱ्यावर जगातील सत्तेने हात उचलला, तर तो उलट हात उचलू शकत नाही. उचलला तर ते राज्य कैसराच्या राज्यासारखेच आणखी एक राज्य ठरेल. म्हणून मला त्याचे मरण त्याच्या उपदेशाच्या आड आलेला अपघात वाटत नाही. तो उपदेश त्याने शेवटपर्यंत पाळला, एवढेच झाले.

पुढची गोष्ट निखळ श्रद्धेची आहे. देवाने त्याला तिसऱ्या दिवशी उठवले, असे आम्ही मानतो. इतिहासकार एवढेच सांगू शकेल की थुदासाचे किंवा यहूदा गालीलकराचे अनुयायी आपल्या मेलेल्या पुढाऱ्याला प्रभू म्हणत जगभर गेले नाहीत, आणि येशूचे गेले. त्याने आपल्याला दर्शन दिले, असे ते सांगत होते आणि त्यासाठी मार खायला तयार होते. त्यांनी जे पाहिले ते काय होते, हे सिद्ध करून दाखवणे माझ्या आवाक्यातले नाही, आणि धाग्याचा विषयही तो नाही.

आपण पुन्हा मार्क वाचणार असाल, तर पंधराव्या अध्यायाच्या चाळिसाव्या वचनापाशी थोडे थांबावे. बारा जण पळून गेलेले आहेत आणि दुरून पाहणाऱ्या स्त्रिया तेवढ्या उरल्या आहेत. त्यांतील काहींची नावे दिली आहेत, आणि त्या गालीलपासून त्याच्याबरोबर होत्या व त्याची सेवा करत होत्या असे म्हटले आहे. पंधरा अध्याय त्या तेथेच होत्या, परंतु मार्क ते आपल्याला इतक्या उशिरा सांगतो. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध जोडणारे साक्षीदार हवे असतील, तर त्या याच आहेत.